तीन बोटांचा दरवाजा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही पानठेल्यावर जरा वेळ उभं राहिलं की खर्रा घोटणं बघायला मिळतं. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि ओला चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा आणि ती पन्नी घासत राहायची, आतलं सगळं एकजीव होईपर्यंत. मग तिला गाठ मारली की झाली पुडी. ती शर्टाच्या खिशात राहते, कमरेला खोचली जाते, आणि दिवसभर चिमूट चिमूट गालात जाते.

हा खर्रा खाणारा माणूस दवाखान्यात येतो तो भलत्याच कारणानं. हर्निया असतो, नाहीतर झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं असतं. त्याच्या लेखी तोंडाचा इथं काही संबंध नाही. भूल देणारा डॉक्टर मात्र पायाकडे न बघता आधी तोंडाशी येतो.

"मामा, आ करा."

"केला ना जी."

"आणखी मोठा."

"एवढंच उघडते, साहेब."

डॉक्टर त्याला त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांच्या मधे घालायला सांगतो. वाचकानं इथं थांबून स्वतःवर करून बघायला हरकत नाही. निरोगी माणसाची तीनही बोटं आत जातात. मामांचं एक जातं, दुसरं दातांवर अडतं. डॉक्टरचा पुढचा प्रश्न त्यांना आणखीच विचित्र वाटतो. भाजी तिखट चालते का? "नाही जी. तोंड जळते. घरी माझी फिक्की वेगळी काढते." गाल फुगवून दाखवा म्हटलं तर गाल फुगत नाहीत.

सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात. मऊ, ओलं, लवचिक अस्तर हळूहळू पांढुरकं आणि ताठ होतं. आतून बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार पाहिला आणि पुढच्याच वर्षी एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. कर्करोगाकडे जाणारी वाट म्हणून तो आता सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे, आणि तरीही पन्नी घासली जातेच. पण कर्करोग व्हायचा तेव्हा होईल. बंद होत चाललेला जबडा भूलतज्ज्ञाला आज सकाळी नडणार आहे.

का नडणार, हे समजायला घशाचा नकाशा लागतो.

पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की श्वास थांबतो. मग श्वासाचं काम नळीनं करायचं. साधारण सात-आठ मिलिमीटर व्यासाची ही नळी तोंडातून, जिभेच्या मुळामागून, स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधून श्वासनळीत उतरवायची असते. वाट सरळ नाही. तोंड आडवं, घसा उभा, आणि स्वरयंत्र जिभेच्या मुळाआड लपलेलं. शिवाय त्याच्या मागेच अन्ननलिकेचं तोंड आहे, आणि न दिसता ढकललेली नळी तिकडे बिनबोभाट जाते. म्हणून लॅरिंगोस्कोप नावाचं दिवा लावलेलं पातं तोंडात घालून जीभ बाजूला सारतात, जबडा वर उचलतात आणि पडदे नजरेसमोर आणतात. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये केलेलं वाकडं पातं आजही जगभर वापरात आहे. मामांच्या दीड बोटाच्या फटीतून ते पातं, ती नळी आणि डॉक्टरची नजर, तिन्ही एकदम जायला हवीत.

आणि हे सगळं घड्याळ लावून. साधी हवा घेणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात श्वास थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं पुरेल इतकाच प्राणवायू असतो. आधी तीन मिनिटं घट्ट मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला तर धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. गरोदर बाईला, लहान मुलाला, खूप जाड माणसाला याहून बरीच कमी. रक्तक्षय आणि सिकलसेल तर या भागाच्या पाचवीला पुजलेले आहेत. तिथं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच तोकडी असते. घसा सोपा असूनही वेळ अपुरा पडतो, तेव्हा तीही अवघडच केस.

तर मग आधी ओळखायचं कसं? या ओळखण्याच्या शास्त्रात दोन नावं आपल्या आसपासची आहेत. शेषगिरी राव मल्लमपटी मूळचे आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातले, पुढं बॉस्टनमध्ये भूलतज्ज्ञ झाले. त्यांनी १९८५ मध्ये २१० रुग्णांचा अभ्यास छापला. कल्पना इतकी साधी की ती आधी कुणाला सुचली नाही याचंच नवल वाटावं. रुग्णाला ताठ बसवायचं, तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावायची, आणि आवाज काढू द्यायचा नाही, कारण 'आ' म्हटलं की टाळू उचलला जातो आणि घसा आहे त्याहून ऐसपैस दिसतो. मग बघायचं, पडजीभ दिसते का? तिच्या दोन बाजूंच्या कमानी दिसतात का? सगळं दिसलं तर पहिला वर्ग. जीभ सगळंच झाकून टाकत असेल तर तोंडाच्या मानानं जीभ मोठी आहे, आणि तीच उद्या पात्याच्या आड येणार. मूळ वर्ग तीनच होते. चौथा १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग यांनी जोडला.

दुसरं नाव पाटील. अमेरिकेत काम केलेल्या व्ही. यू. पाटील यांच्या नावानं ओळखली जाणारी चाचणी मान मागे टाकून करतात. हनुवटीपासून कंठमण्याच्या वरच्या खाचेपर्यंत अंतर मोजायचं. साडेसहा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर बरं. सहाच्या आत आलं तर जीभ बाजूला सारायला हनुवटीखाली जागाच नाही. मोजपट्टी नसली तरी बोटं असतातच. याशिवाय मान किती मागे जाते, दात पुढं आहेत का, गळ्याला गाठ आहे का, दाढीआड हनुवटी लपवली आहे का, हे अनुभवी डोळा रुग्ण दारातून आत येतानाच टिपतो. दाढीबद्दल थट्टा नाही. मास्क तिच्यावर बसत नाही.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं वाटतं. मग येतो डेन्मार्क. तिथल्या भूल-नोंदवहीतल्या १,८८,०६४ रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी घालणं प्रत्यक्षात अवघड गेलं ३,३९१ जणांत. त्यातल्या ३,१५४ जणांबद्दल, म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णवांबद्दल, आधी कुणालाही शंका आली नव्हती. उलट ज्या ९२९ जणांबद्दल 'हे अवघड जाणार' असं लिहून ठेवलं होतं, त्यांच्यात खरोखर अवघड निघाले २२९. म्हणजे चौघांत एक.

नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगणाऱ्याचा अंदाजही कधीकधी याहून बरा ठरावा. मग तीन बोटं, पडजीभ, साडेसहा सेंटिमीटर, हे सगळं टाकून द्यायचं का? माझं मत, नाही. पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा करायची नाही. चाचणी भविष्य सांगत नाही. ती डॉक्टरला औषध टोचण्याआधी थांबवते आणि विचारते, ही वाट बंद निघाली तर दुसरी कोणती? आणि त्र्याण्णव टक्क्यांचा अर्थ असा की हा प्रश्न मामांच्याच नव्हे, ज्याची तीन बोटं सुखानं आत गेली त्याच्याही वेळी विचारायला हवा.

गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आलापल्लीहून येणारा साठेक किलोमीटरचा जंगलरस्ता गावाच्या तोंडाशी पर्लकोटा नदी ओलांडतो. इथंच पामुलगौतम आणि इंद्रावतीही जवळ येतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तिच्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि तालुक्याचं गाव जगापासून तुटायचं. कैक वर्षं हेच चाललं. पलीकडे काम असलेला माणूस आभाळाकडे बघून ठरवायचा, आज गेलो तर परत येता येईल का?

स्नायू शिथिल करणारं औषध हा तसा पूर आहे. ते टोचेपर्यंत रुग्ण स्वतः श्वास घेतो आहे, पूल वर आहे. एकदा टोचलं की परतीचा रस्ता पाण्याखाली, आणि मास्क लावून पिशवी दाबत त्याला जगवता आलं नाही तर नळीशिवाय गती नाही. अवघड घशाच्या व्यवस्थापनाचं अर्धं शास्त्र म्हणजे पूल बुडू न देता पलीकडे जाण्याच्या युक्त्या. मामांसाठी मोठ्या शहरात जी युक्ती करतात तिच्यात रुग्ण जागा असतो. घसा लिग्नोकेननं बधिर करतात आणि नाकातून दोरीएवढी वाकणारी दुर्बीण आत सोडून तिच्यावरून नळी सरकवतात. पीटर मर्फी यांनी १९६७ मध्ये पित्तनलिका बघायची दुर्बीण या कामाला लावली, तिथून ही पद्धत सुरू झाली. तोंड कितीही बंद असो, नाक उघडंच असतं. पण ती दुर्बीण महाग आहे, नाजूक आहे आणि रोज हाताळल्याशिवाय वळत नाही. जंगलातल्या दवाखान्यात बहुधा कमरेतून सुई टोचून फक्त खालचा भाग बधिर करतात आणि घशाच्या वाटेलाच जात नाहीत. हर्नियाला, मांडीच्या हाडाला हे छान चालतं. फक्त नळीचं सामान तरीही उशाशी मांडलेलं हवं, कारण कमरेतली भूल कधीकधी अपुरी पडते आणि क्वचित नको तितकी वर चढते.

भामरागडची खरी अवघड केस मात्र खर्ऱ्याची नाही. ती अस्वलाची आहे.

मार्च-एप्रिलात मोहफुलं गळायला लागली की माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. अस्वलालाही मोहफूल आवडतं आणि त्यालाही तीच वेळ सोयीची. अवचित समोर आलेलं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, आणि त्याचा पंजा माणसाच्या डोक्या-चेहऱ्याच्या उंचीला पोचतो. टाळूची कातडी, डोळा, नाक, वरचा जबडा एका फटक्यात जातो. अशा माणसाला खाटेवर घालून, बैलगाडीतून, पुढं जीपमधून आणत, ते भामरागडच्या अलीकडच्या हेमलकशाला.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश आमटे शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण सोडून आले, आणि डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ होत्या. दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यातली एक व्यक्ती भूलशास्त्र शिकलेली होती, हे मात्र कौतुकाच्या भाषणांत सहसा येत नाही. मला त्याचं महत्त्व फार वाटतं. वीज नाही, रस्ता नाही, कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे, अशा ठिकाणी चाकू धरणारा माणूस एकवेळ पुस्तकात बघून धीर करील. श्वास सांभाळणारा मात्र शिकलेलाच लागतो.

अस्वलानं फाडलेल्या चेहऱ्यापुढं मल्लमपटीही चालत नाही आणि पाटीलही. 'जीभ बाहेर काढा' कुणाला म्हणणार? इथं बघायचं ते रुग्ण बसला कसा आहे. बहुतेक वेळा तो पुढं वाकून, तोंडातून रक्त खाली गळू देत बसलेला असतो. त्यानं आपला श्वासमार्ग स्वतःच शोधलेला आहे. सुटलेला जबडा पुढच्या बाजूला लोंबतो आणि रक्त घशात न जाता जमिनीवर पडतं. नातेवाइकांना दया येते, परिचारक धावतो, आणि सगळे मिळून त्याला उताणं निजवू बघतात. तसं केलं की जबडा आणि जीभ मागे पडून घसा बंद होतो, वर रक्ताची धार आत. शुद्धीत असेल तर त्याला बसूच द्यायचं आणि बसल्या जागीच रक्त ओढून घ्यायचं. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर, मान सांभाळून, कारण पंजाच्या हिसक्यानं मानेचा मणकाही हलला असू शकतो.

मास्क? नाक-गाल जागेवर नसतील तर मास्क टेकणार कशावर? म्हणजे पिशवी दाबून श्वास देण्याची वाट आधीच बंद. नाकातून नळी? कवटीचा तळ तडकला असेल तर तीही नको. अशा वेळी केटामाइन उपयोगी पडतं, कारण त्याच्या माफक मात्रेनं वेदना आणि भान जातं, पण श्वास बहुतेक चालू राहतो. पूल पाण्यावर राहतो. टाके घालण्यापुरतं तेवढं पुष्कळदा पुरतं. न पुरलं, तर माणूस जागा असतानाच गळ्याची पुढची बाजू बधिर करून थेट श्वासनळीत छेद घ्यायचा. छेद म्हणजे शेवटचा उपाय, अशी आपली समजूत. इथं तो पहिला उपाय असू शकतो, आणि तो निर्णय चेहरा बघताक्षणी घ्यायचा असतो, तीन प्रयत्न फसल्यावर नव्हे.

गळ्याच्या पुढच्या बाजूचा आणखी एक किस्सा सांगण्याजोगा आहे, कारण तो भामरागडसारख्याच एका जागेतून आला. नायजेरियात नोमा या रोगानं गाल सडून जबडे जखडलेले रुग्ण डी. जे. वॉटर्स यांच्याकडे येत. तोंड उघडतच नव्हतं. वॉटर्स यांनी १९६३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. कंठमण्याच्या खालच्या पडद्यातून सुई आत घालायची, तिच्यातून पाठीतल्या भुलेसाठी वापरतात ती बारीक प्लास्टिकची नळी वर नाका-घशाकडे सोडायची, टोक बाहेर ओढून घ्यायचं आणि त्या दोरीवरून मोठी नळी खाली उतरवायची. उलट्या दिशेनं घर गाठायचं. त्यासाठी लागणारी सुई आणि नळी कमरेच्या भुलेच्याच खणात असते, आणि दुर्बिणीचे लाखो रुपये लागत नाहीत. मामांचं तोंड आणि नोमाचं तोंड भूलतज्ज्ञाच्या दृष्टीनं सख्खे भाऊ आहेत.

सगळं करूनही फसतं तेव्हा काय, याचा क्रम भारतीय डॉक्टरांसाठी २०१६ मध्ये ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशननं आखून दिला. त्याचं लेखन करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला मायात्रा अग्रभागी होत्या. तोंडाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण जिथं येतात तिथल्या माणसानं हे लिहावं यात नवल नाही. प्रयत्न चालू असताना नाकातून प्राणवायू चालूच ठेवायचा. नळीचे प्रयत्न तीनांहून जास्त नाहीत, आणि प्राणवायूची पातळी ९५ च्या खाली घसरली की हात थांबवून आधी श्वास द्यायचा. जमलं नाही तर आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरलेला, स्वरयंत्रावर टोपीसारखा बसणारा लॅरिंजियल मास्क. तोही बसला नाही, साधा मास्कही चालला नाही, तर गळ्यात छेद. कंठमण्यावरून बोट खाली सरकवलं की एक मऊ खळगा लागतो आणि त्याखाली कडक कडं. त्या खळग्यात.

हे कळणं सोपं, हातून होणं कठीण. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एका वैमानिकाची तरुण पत्नी नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली आणि नळी जाईना. अनुभवी डॉक्टर पुनःपुन्हा प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेनं गळा छेदण्याचं सामान आणून ठेवल्याचं सांगितलंही, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती बाई वाचली नाही. डॉक्टरांना विद्या नव्हती असं नाही. वेळेचं भान सुटलं होतं, आणि ज्यांचं भान शाबूत होतं त्यांचा आवाज लहान होता. चार माणसांच्या दवाखान्यात सुरुवात करतानाच सिस्टरला सांगून ठेवायला काही लागत नाही: "ऑक्सिजनचा आकडा मोठ्यानं म्हणत राहा, आणि तिसऱ्यांदा फसलं की माझा हात धरा."

मण्यारीच्या दंशाची गोष्ट याच्या अगदी उलट. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, सूज नाही, फारशी वेदना नाही, आणि पहाटे पापण्या उचलत नाहीत. तोंड तीन बोटं उघडतं, पडजीभ दिसते, नळी पहिल्या झटक्यात जाते. अवघड ते पुढंच. लुळे पडलेले श्वासाचे स्नायू परत यायला कधी दिवसही लागतात, आणि तोवर कुणीतरी पिशवी दाबत राहायची. १९५२ मध्ये पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हेच केलं होतं. इथं ते काम रुग्णवाहिकेत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, भाऊ किंवा शेजारी करतो. निघण्याआधी त्याला दाखवायचं, एका हातानं नळी ओठापाशी धरून ठेव. कारण खड्ड्यात गाडी उसळली की सोपी गेलेली नळी तितक्याच सोपेपणानं बाहेर येते.

मामांचा पाय नीट बसला. कमरेतली भूल पुरली, घशापर्यंत जायची वेळ आली नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद लिहिला: तोंड दीड बोट उघडतं, मल्लमपटी चौथा, मान ठीक, पुढच्या वेळी पूर्ण भूल लागली तर जागेपणी नाकातून नळी. उद्या चंद्रपुरात किंवा नागपुरात अपघातानंतर बेशुद्ध होऊन पोचले, तर तिथल्या डॉक्टरला 'आ करा' म्हणायची संधीही मिळणार नाही.

"हा कागद हरवायचा नाही, मामा. पावसात भिजायचा पण नाही."

मामांनी खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, उरलेला खर्रा गालात टाकला, पन्नी झटकली आणि कागदाची चार घड्यांची पुडी करून तिच्यात बांधली.